अलार्म वाजतो, पण हात हलत नाही

पत्र (थोडं आटोपशीर करून):

ताई, मी पुण्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, ई अँड टीसीला (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन). घर बार्शी तालुक्यात. मी फार विसरभोळी झालेय. फोनवर दिवसभराचे चौदा-पंधरा रिमाइंडर लावलेत. 'सबमिशन!!! आजच!!!' असे, आणि अगदी 'आता तरी ऊठ' असेसुद्धा. वाजले की बंद करते, आणि मोबाइल हातात असतोच म्हणून रील्स बघत बसते. मायक्रोकंट्रोलरची पाच रायटअप (प्रयोगांची लेखी टिपणं) राहिलीत, डीएसपीच्या (डिजिटल सिग्नल प्रोसेसिंग) तीन असाइनमेंट, ईएम या विषयाच्या फाईलवर सरांच्या सह्या नाहीत, मिनी प्रोजेक्टच्या रिपोर्टचं दुसरं प्रकरण अर्धं आहे. सगळ्याची शेवटची तारीख २१. मागच्या महिन्यात लायब्ररीचं पुस्तक परत करायचं विसरले, दंड भरला. स्कॉलरशिपच्या फॉर्मची तारीखसुद्धा थोडक्यात हुकणार होती. दहावीला ९४ टक्के होते. आता दोन केटी (नापास होऊन राहिलेले विषय) आहेत आणि घरी ते सांगितलेलं नाही. आई रोज रात्री नऊला फोन करून 'अभ्यास झाला का गं?' विचारते तेव्हा पोटात गोळा येतो. चार-चार वेळा वाचलेलं ओरलला (तोंडी परीक्षेत) आठवत नाही. रूममेट माझ्याकडून सर्किट समजून घेते आणि तिची फाईल पूर्ण होते, माझी होत नाही. माझी कुवतच नाही असं आता वाटायला लागलंय. एखादं चांगलं रिमाइंडरचं अ‍ॅप सुचवाल का?

— एक विद्यार्थिनी, पुणे

प्रिय मुली,

अ‍ॅप मी सुचवणार नाही. का, ते तुझ्याच पत्रात आहे. विसरभोळी झालेय असं म्हणतेस आणि लगेच पाच रायटअप, तीन असाइनमेंट, सह्या नसलेली फाईल, अर्धवट दुसरं प्रकरण आणि २१ तारीख हे सगळं एका दमात सांगतेस. ज्याला खरंच विसर पडलाय त्याला अशी यादी देता येत नाही. ही कामं तुझ्या डोक्यात सकाळपासून रात्रीपर्यंत ठाण मांडून बसलेली आहेत. त्यांची आठवण करून द्यायला आणखी एक घंटा कशाला हवी?

पण पत्रात दोन गोष्टी खरोखरच्या विसरण्याच्याही आहेत. लायब्ररीचं पुस्तक आणि स्कॉलरशिपचा फॉर्म. त्या दोन आणि बाकीच्या सगळ्या तू एकाच पोत्यात घातल्यास, आणि सगळ्यांवर एकच इलाज केलास, रिमाइंडरचा. मला वाटतं तुझा निम्मा त्रास या सरमिसळीतून आला आहे.

पुस्तक परत करायला पाच मिनिटं लागतात, त्याची भीती वाटत नाही, ते केल्यावर कुणी प्रश्न विचारत नाही. ते राहिलं, कारण ज्या क्षणी तू लायब्ररीवरून गेलीस त्या क्षणी ते मनात आलं नाही. अशा कामाला बाहेरून मिळालेली खूण फार उपयोगी पडते. आपल्याकडच्या बायका पदराच्या टोकाला गाठ मारायच्या, बाजारातून हळद आणायची राहू नये म्हणून. ती गाठ काम करायची, कारण ती नेहमी नसायची आणि नेमकी हाताला लागायची. टॉड रॉजर्स आणि कॅथरिन मिल्कमन या अमेरिकी संशोधकांनी २०१६ साली हेच एका कॉफीच्या दुकानात करून पाहिलं. गिऱ्हाइकांना ठरावीक दिवशी चालणारं सवलतीचं कुपन दिलं. काहींना सांगितलं की त्या दिवशी गल्ल्याजवळ परग्रहावरच्या प्राण्याचं एक खेळणं ठेवलेलं दिसेल, ते पाहून कुपन आठवा. ज्यांना हे सांगितलं होतं त्यांच्यातल्या जास्त लोकांनी कुपन वापरलं. खूण विचित्र होती, आणि पैसे देण्याच्या जागीच होती.

तेव्हा पुस्तक, फॉर्म, फी, हॉल तिकीट यांच्यासाठी खुणा ठेव. अगदी बिनधास्त ठेव. पुस्तक सॅकमध्ये वर ठेवण्याऐवजी चपलांवर ठेव. महाडीबीटीच्या, म्हणजे सरकारी स्कॉलरशिपच्या, फॉर्मच्या तारखेचा रिमाइंडर फोनवर असू दे, पण तो अशा वेळेला लाव जेव्हा तू कागदपत्रं घेऊन बसलेली असशील. मेसच्या रांगेत ताट हातात असताना वाजलेला रिमाइंडर बंदच केला जातो, त्यात तुझा दोष नाही.

आता दुसरी कामं. रायटअप, असाइनमेंट, रिपोर्ट. ही तू टाळते आहेस. टाळलेल्या कामाचा रिमाइंडर वाजला की काय होतं ते जरा जवळून बघू. संध्याकाळचे सात. तू कॉटवर. फोन थरथरतो, 'सबमिशन!!! आजच!!!' त्या एका ओळीत पाच रायटअप, सरांचा चेहरा, डिफॉल्टर लिस्ट, दोन केटी आणि आईचा नऊचा फोन हे सगळं एकदम अंगावर येतं. पोटात गोळा येतो. अंगठा स्क्रीनवर सरकतो, आवाज बंद. आणि लगेच हायसं वाटतं. हे हायसं वाटणं नीट लक्षात घे, कारण सगळी मेख तिथेच आहे. बंद केल्यावर बरं वाटलं, म्हणून पुढच्या वेळी अंगठा आणखी लवकर सरकतो. टिमथी पिचिल आणि फ्युशिया सिरोइस हे अभ्यासक बरीच वर्षं सांगत आले आहेत की चालढकल हा वेळेच्या नियोजनापेक्षा मनःस्थितीचा प्रश्न आहे. नकोशी भावना आत्ताच्या आत्ता घालवण्यासाठी माणूस काम पुढे ढकलतो, आणि त्याची किंमत उद्याच्या स्वतःला मोजायला लावतो. आळसाचा इथे संबंध नाही. आळशी माणसाच्या पोटात गोळा येत नाही.

दिवसाला पंधरा अलार्म म्हणजे दिवसातून पंधरा वेळा हे घडतं. त्यातला प्रत्येक वेळी बंद केलेला अलार्म जाता जाता मनात एक नोंद करून जातो: मी ठरवते आणि करत नाही. महिनाभर या नोंदी साठत गेल्या तर कुणीही म्हणेल की माझी कुवतच नाही. तुझ्या कुवतीबद्दल ते काहीच सांगत नाही. तू लावलेले अलार्म चुकीचे होते, एवढंच त्यातून कळतं.

आठवणीचा आणखी एक स्वभाव तुला माहीत हवा. मन खिन्न असलं की खिन्न आठवणी आधी वर येतात. गॉर्डन बाउअर यांनी १९८१ साली याची सविस्तर मांडणी केली, आणि ज्यांनी परीक्षेच्या आदल्या रात्री स्वतःशी वाद घातलाय त्यांना ते सांगायचीही गरज नाही. रात्री साडेअकराला, काही न केलेल्या दिवसाच्या शेवटी, तू जेव्हा 'मला काय जमतं?' असं स्वतःला विचारतेस, तेव्हा तुझी स्मरणशक्ती प्रामाणिकपणे उत्तर शोधते, पण शोधते फक्त एकाच कप्प्यात. तिथे केटी असतात, न झालेल्या सह्या असतात. तुझ्याच पत्रातलं रूममेटचं वाक्य त्या कप्प्यात नसतं. ती तुझ्याकडून सर्किट समजून घेते! ज्याची कुवत नाही त्याच्याकडे कुणी मध्यरात्री सर्किट समजून घ्यायला येत नाही. तू ते वाक्य स्वतःच्या विरोधातला पुरावा म्हणून लिहिलंस. मी तुझ्या बाजूचा म्हणून वाचलं.

स्वतःवरचा विश्वास कुठून येतो याबद्दल आल्बर्ट बंडुरा यांनी १९७७ साली जे लिहिलं त्याला आजही तोड नाही. त्यांनी चार उगम सांगितले: आपण स्वतः पार पाडलेलं काम, आपल्यासारख्याच कुणाला ते करताना पाहणं, दुसऱ्यांचे धीराचे शब्द, आणि त्या वेळची शरीराची-मनाची अवस्था. चौघांत पहिल्याचं वजन सगळ्यांत जास्त. 'तू हुशार आहेस' असं मी इथे दहा वेळा लिहिलं तरी त्याचा असर दोन दिवस टिकेल. तुझ्या हातून पूर्ण झालेल्या एका फ्लोचार्टचा जास्त टिकेल.

आणि ते ९४ टक्के. ते खरे आहेत, तू मिळवलेले आहेत, पण आज ते तुझ्या कामाचे नाहीत. त्याला चार-पाच वर्षं झाली, विषय वेगळे, आणि शाळेत रोज गृहपाठ तपासणारं कुणीतरी होतं. आज तू त्या आकड्याकडे बघतेस ती फक्त आताच्या स्वतःला त्याच्यासमोर उभं करून कमी लेखायला. काही दिवस तो आकडा बाजूला ठेव. आपल्याला ताज्या आठवणी हव्या आहेत, कालच्या आणि परवाच्या.

आता काय करायचं. आधी फोनवरचे सगळे अभ्यासाचे अलार्म काढून टाक. सगळे. मग एकच लाव, आणि त्याचे शब्द बदल. 'सबमिशन!!! आजच!!!' हे काम नाही, ती धमकी आहे. त्यात कुठलं पान, कुठलं पेन, हे नाही. त्याऐवजी लिही: 'मायक्रोकंट्रोलरची फाईल उघड. प्रयोग ५, एलसीडी. फ्लोचार्टची पहिली चौकट काढ.' वाचून बघ, गोळा येतो का? फारसा नाही येणार. एक चौकट आणि तिच्यात 'स्टार्ट' हा शब्द, एवढंच मागितलंय. पाच रायटअप आहेत हे तुला ठाऊकच आहे, ते फोनने सांगायला नको. फोनने फक्त हात कुठे ठेवायचा ते सांगावं.

त्याहून बरं म्हणजे घड्याळावरची भिस्त कमी कर आणि तुझ्या दिवसात आधीपासून घडणाऱ्या एखाद्या गोष्टीला काम बांध. मेसमध्ये तू रोज जातेसच. मग असं एक वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिही: 'मेसमधून जेवून निघाले की खोलीवर न जाता सरळ वाचनालयात जाईन, खिडकीकडच्या टेबलावर बसेन आणि प्रयोग ५ ची फाईल उघडेन.' कधी, कुठे, काय, तिन्ही त्यात आहेत. पीटर गोलवित्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने अशा 'जर-तर' वाक्यांवर आयुष्यभर काम केलं. त्यांचा एक प्रयोग मला फार आवडतो, कारण तो विद्यार्थ्यांवरच होता आणि सुट्टीत होता. नाताळची संध्याकाळ कशी गेली यावर दोन दिवसांत एक टिपण लिहून पाठवायचं, असं विद्यार्थ्यांना सांगितलं होतं. निम्म्यांकडून कधी आणि कुठे बसून लिहिणार हेही आधीच लिहून घेतलं. त्या गटातल्या जवळजवळ तीन-चतुर्थांश मुलांनी टिपण वेळेत पूर्ण केलं. बाकीच्यांत हे प्रमाण एक-तृतीयांशाच्या आसपास होतं. करायचं मनात दोन्ही गटांच्या होतं. फरक पडला तो जागा आणि वेळ आधी ठरवल्यामुळे.

याचा दुसरा फायदा तुला रात्री झोपताना कळेल. अर्धवट कामं डोक्यात घोळत राहतात हे आपण सगळेच अनुभवतो. मासिकाम्पो आणि बाउमायस्टर या दोघांनी २०११ साली दाखवलं की ते काम कधी आणि कसं करायचं याचा नेमका बेत आखला, तर काम झालेलं नसतानाही हे घोळणं बरंच थांबतं. म्हणजे आठवणीला भरवसा हवा असतो की याची सोय झाली आहे. झोपण्याआधी उद्याचं एक वाक्य लिहून ठेव. बाकीची कामं एका कागदावर उतरव आणि तो कागद फाईलला लाव.

रायटअपचा क्रमही सांगते. सगळ्यात अवघड आधी, असं बरेच जण सांगतात. तुझ्या बाबतीत मी ते सांगणार नाही. आधी ईएमच्या फाईलवरच्या सह्या घे. तिथे काम झालेलं आहे, फक्त सरांसमोर उभं राहायचं धाडस होत नाहीये. सकाळी पहिल्या लेक्चरच्या आधी केबिनमध्ये जा, 'सर, उशीर झाला, सह्या हव्या होत्या' एवढंच म्हण. ते ओरडले तर एक मिनिट ओरडतील. त्यानंतर यादीतली एक ओळ कमी झालेली असेल आणि ती तू कमी केलेली असेल.

आता वहीबद्दल, आणि हा भाग कृपा करून गाळू नकोस. साधी शंभर पानी वही घे. तिच्यात काय करायचं ते लिहायचं नाही. काय केलं ते लिहायचं, रोज रात्री, दोन-तीन ओळी. 'अभ्यास केला' असं मोघम नको. असं लिही:

सोमवार. मेसनंतर वाचनालय. प्रयोग ५ चा फ्लोचार्ट पूर्ण. वाटलं होतं २० मिनिटं, लागली ४५.

मंगळवार. ईएमच्या सह्या झाल्या. सर काही बोलले नाहीत.

बुधवार. डीएसपी असाइनमेंट १, पहिली दोन गणितं. तिसरं अडलं, उद्या विचारणार.

एवढं तपशिलात का? कारण मोघम लिहिलेलं खिन्न मनाला खोटं वाटतं. 'खरंच केला का अभ्यास?' असं ते लगेच विचारतं. फ्लोचार्ट केल्याचं मात्र नाकारता येत नाही, तो फाईलमध्ये आहे. रात्री साडेअकराच्या त्या प्रश्नाला उत्तर द्यायला आठवणीला एकटीला पाठवू नकोस, वही उघड.

'वाटलं होतं किती, लागलं किती' ही नोंदही मुद्दाम ठेवायला सांगतेय. १९९४ साली रॉजर बुहलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना त्यांचा प्रबंध किती दिवसांत होईल ते विचारलं. सरासरी अंदाज ३४ दिवसांचा होता, प्रत्यक्षात लागले ५५ हून जास्त. मागच्या कामांना उशीर झाला होता हे त्या मुलांना चांगलं आठवत होतं. पण त्या वेळी अमुक अडचण होती, या वेळी तसं नाही, असं म्हणून ते ती आठवण बाजूला सारत. तू 'एका रात्रीत दोन रायटअप' असं ठरवतेस, होत नाही, आणि दोष स्वतःला देतेस. आठवडाभराने वही तुला सांगेल की तुला एका रायटअपला साधारण किती वेळ लागतो. त्या आकड्यावर २१ तारखेपर्यंतचा हिशेब मांड. बसत नसेल तर आत्ताच सरांना भेट, १९ तारखेला नको.

ओरलबद्दल तू एकच वाक्य लिहिलंस, 'चार-चार वेळा वाचलेलं आठवत नाही', आणि त्यावरून स्मरणशक्तीच कमी आहे असं ठरवून मोकळी झालीस. इथे तुझी फसगत झाली आहे, आणि ती अभ्यास करणाऱ्या बहुतेक सगळ्यांची होते. २००६ साली हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटाने तो चारदा वाचला. दुसऱ्या गटाने एकदाच वाचला आणि तीनदा पुस्तक मिटून आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा चारदा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा लिहून काढणाऱ्यांना ६१ टक्के आठवत होतं, चारदा वाचणाऱ्यांना ४० टक्के. आणि आपल्याला चांगलं लक्षात राहील हा विश्वास जास्त कुणाला होता? चारदा वाचणाऱ्यांना.

पुन्हापुन्हा वाचताना मजकूर ओळखीचा होतो, आणि ओळखीचा झाला म्हणजे आला असं वाटतं. पुस्तक मिटून आठवायला बसलं की अडखळायला होतं, आपल्याला काहीच येत नाही असं वाटतं, म्हणून आपण ते टाळतो. पक्कं होतं ते मात्र त्या अडखळण्यातच. रूममेटला सर्किट समजावताना तू नकळत हेच करतेस, समोर पुस्तक नसतं आणि सगळं तुझ्या तोंडून बाहेर काढावं लागतं. तिला म्हण, आठवड्यातून दोनदा मी तुला समजावेन, त्याआधी तू मला ओरलसारखे पाच प्रश्न विचार. तुला अडलं तर अडू दे, दोन दिवसांनी तेच प्रश्न पुन्हा घ्या.

एखादा दिवस कोरा जाईल. जाईलच. आजारी पडशील, मैत्रिणीचा वाढदिवस असेल, नाहीतर काहीच कारण नसेल. त्या दिवसाची तारीख घाल, पुढे 'आज झालं नाही' लिही आणि दुसऱ्या दिवशीचं वाक्य त्याच्याखाली लिही. स्वतःला शिक्षा म्हणून दुप्पट काम ठरवू नकोस. कॅनडातल्या कार्लटन विद्यापीठात मायकेल वोल, पिचिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिल्या वर्षाच्या मुलांना पाहिलं. पहिल्या परीक्षेच्या वेळी केलेल्या चालढकलीबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी पुढच्या परीक्षेच्या वेळी चालढकल कमी केली. २०१० साली हे छापून आलं. स्वतःला धारेवर धरलं की आपण सुधारतो ही समजूत आपल्या घराघरांत आहे, मला ती मान्य नाही. धारेवर धरलेलं मन काम करायला बसत नाही, लपायला जागा शोधतं.

एक गोष्ट मला पत्रावरून ठरवता येत नाही. हे विसरणं आणि लक्ष न लागणं शाळेपासूनच असेल, सगळ्याच बाबतींत असेल, तर एकदा मानसोपचारतज्ज्ञांना भेटून तपासून घे. काही मुलींची ही अडचण लहानपणी कुणाच्या ध्यानात येत नाही, कारण त्या वर्गात शांत बसलेल्या असतात. आणि झोप उडाली असेल, भूक गेली असेल, पूर्वी आवडायच्या त्या गोष्टीही नकोशा झाल्या असतील आणि हे आठवडेच्या आठवडे चाललं असेल, तर वही-अलार्मचं सगळं बाजूला ठेव. कॉलेजच्या समुपदेशकांकडे जा किंवा १४४१६ या टेलिमानसच्या (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या) नंबरवर फोन कर. तो मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीतही बोलता येतं.

आता आईचा फोन. तुझ्या फोनमधले चौदा-पंधरा अलार्म मी काढायला सांगितले, पण सगळ्यात जोरात वाजणारा नऊ वाजताचा आहे. तो तुला अभ्यासाची आठवण करून देत नाही. घरी न सांगितलेल्या दोन केटींची करून देतो. आईला फक्त 'झाला का गं?' एवढंच विचारायचं असतं, आणि तुला त्या प्रश्नात रोज एक उत्तर लपवावं लागतं. नऊनंतर तुझा अभ्यास होत नसेल तर मला नवल वाटणार नाही.

तिला सांग. नऊच्या घाईच्या फोनवर नको, तेव्हा ती भाकरी-भांडी आवरून दमलेली असेल. रविवारी सकाळी, वडील घरी असताना. आधी केटी सांग, मग कुठल्या विषयात ते, आणि मग तू काय करते आहेस ते. वहीतल्या चार ओळी वाचून दाखव. ती रडेल किंवा गप्प होईल, कदाचित चिडेलही. ते ऐकून घे, लगेच वचनं देऊ नकोस. आणि तिला एक विनंती कर: 'आई, अभ्यास झाला का असं विचारू नकोस, आज काय काय केलंस ते विचार.' 'झाला का'ला तुझ्याकडे फक्त हो किंवा नाही असतं. 'काय केलंस' म्हटलं की तुला एलसीडीचा फ्लोचार्ट सांगावा लागेल, आणि तिला त्यातलं काही कळलं नाही तरी तुझ्या आवाजावरून बरंच कळेल.

हे सगळं परीक्षेचा फॉर्म भरायच्या आधी कर. केटीच्या फीसाठी पैसे मागताना सांगितलंस, तर बोलणं पैशांवर जाईल आणि जे तुला सांगायचं होतं ते राहून जाईल.

तुझी,
ताई